मोजणीत सुटलेला माणूस

माझ्या तीन सदऱ्यांवर खांद्यापाशी गंजाचे डाग आहेत. लिंबू चोळून झालं, ताकात भिजवून झालं, वहिनीनं उन्हात टाकून आठ-आठ दिवस वाट पाहिली. डाग काही जात नाहीत. शेवटी मीच सांगितलं, राहू दे. जळगावला रेल्वे रुळांपलीकडे एक बसकं कौलारू घर होतं. त्याच्या अंगणात कडुलिंबापासून न्हाणीच्या खांबापर्यंत कपडे वाळत घालायला दोरीऐवजी लोखंडी साखळी ताणलेली होती. जमीन मोजायची जुनी साखळी. त्या घरात राहिलेल्या प्रत्येकाच्या कपड्यांवर तिचा शिक्का बसायचा. कॅन्सरच्या दवाखान्यात शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायच्या खोलीबाहेर आमची रांग असे, तिथली सिस्टर खांद्याकडे बघून विचारायची, "नानांकडचे का?" मान हलवली की पुढे काही विचारत नसे.

हे नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी वावरं मोजण्यात घातली. चाळीसगावकडची कपाशी, यावल-फैजपूरकडच्या केळीच्या बागा, पार शिरपूरच्या डोंगरापर्यंतचे बांध. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. पुतणे धुळ्याकडे गावी होते, पण त्यांचा विषय निघाला की नाना उठून झाडाला पाणी घालायला जात. पोटाचं ऑपरेशन होऊन त्यांना तेव्हा पाचेक वर्षं झाली होती. आतड्याला कॅन्सर होता. बरे होऊन ते गावी न जाता दवाखान्याजवळच राहिले आणि मागच्या तीन खोल्या बाहेरगावच्या पेशंटांना देऊ लागले. लोक म्हणत, म्हातारा चक्रम आहे पण घर स्वच्छ आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मी गेलो तेव्हा माझ्या डाव्या गालाचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. वीस वर्षं फळ्यावर 'तंबाखूचे दुष्परिणाम' लिहीत होतो आणि चुन्याची डबी खिशात बाळगत होतो, त्यामुळे कोणाला दोष द्यायची सोय नव्हती. नवीन माणूस भेटला की काय विचारणार हे मला पाठ झालं होतं. कुठे झालाय, कितवी स्टेज, खायचे का काही. नानांनी विचारलं, "गाव?"

गाव माझ्या मोठ्या भावानं सांगितलं. मला बोलणं जड जात होतं.

"गट नंबर?"

भाऊ गोंधळला. तरी म्हणाला, "एकशे सत्तावीस."

नानांनी डोळे मिटले. आम्ही दोघं पिशव्या हातात धरून उभे. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "विहिरना मांगे बोरी शे. पूर्वना बांध वाकडा. तुमना बाप मनासंगे भांडना व्हता."

खरं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो, पण त्या भांडणाची गोष्ट आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं चालली होती. नाना किल्ल्या देत म्हणाले, "माप बरोबर व्हतं. बांधच वाकडा व्हता." त्या दिवसापासून मी त्या घरात एकशे सत्तावीस झालो. "एकशे सत्तावीस, चहा उना." "एकशे सत्तावीस, गोयी लिधी का?" पहिले दोन दिवस मला राग आला. मग लक्षात आलं की बाकी सगळीकडे मी 'ओरलवाला' किंवा 'गालाचा पेशंट' होतो. त्यापेक्षा वावराचा नंबर बरा.

नानांच्या तोंडात दोन भाषा होत्या. रागावले की कचेरीतली मराठी. "सदर इसमाने कालपासून पाणी प्यालेले नाही, ही बाब गंभीर आहे." माया आली की घरची अहिराणी. त्यामुळे ते काय बोलतात त्याआधी कशात बोलतात हे ऐकावं लागे. उंच, वाळके, कानावर कायम एक पेन्सिल. दुपारी झोपतानासुद्धा पेन्सिल कानावर. घरातलं काहीही ते अंदाजानं सांगत नसत. न्हाणी बारा पावलं, दवाखान्याचं फाटक चारशे दहा, रेल्वेचं फाटक बंद असेल तर त्यात थांबण्याचे शून्य. "थांबेल पाय मोजाना नही," असं त्यांचं म्हणणं.

आता माझं सांगतो. दुखणं सोसवतं हो, दुखणं काही एवढं मोठं नव्हतं. शेक सुरू झाले, तोंडात फोड आले, पाण्याचा घोटसुद्धा मिरचीसारखा लागू लागला, तेही मी सोसलं. पण आत काहीतरी सुटत चाललं होतं. खोलीतल्या आरशावर मी टॉवेल टाकून ठेवला होता. झोप लागत नसे, आणि लागली तर शाळेतली पोरं दिसत, पाढे म्हणणारी, आणि मला तोंड उघडता येत नसे. दर रविवारी भाऊ यायचा, साजूक तूप आणायचा, माझ्या पायाशी बसायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. फोनवर माझ्याबद्दल बोलताना घरचे आवाज खाली आणत. मी लग्न केलेलं नाही. भावाचं घर तेच माझं घर, पंधरा माणसांचं. आणि मला वाटायला लागलं होतं की त्या घरानं मनातल्या मनात मला निरोप देऊन टाकलाय, फक्त सांगायचं राहिलंय. दवाखान्यात एक समुपदेशन करणारी मुलगी होती, चांगली होती बिचारी. समोर बसून म्हणायची, "सर, मन मोकळं करा." मी पाटीवर लिहून द्यायचो, 'ठीक आहे.' ती पाटी मी गावाहून बोलण्याच्या सोयीसाठी आणली होती. जन्मभर पोरांना खोटं लिहू नका म्हणून सांगितलं आणि त्या पाटीवर मी इतकं खोटं लिहिलं.

नानांनी मन मोकळं कर असं कधी म्हटलं नाही. एके सकाळी त्यांनी माझ्या पुढ्यात कागद ठेवला, कानावरची पेन्सिल दिली आणि म्हणाले, "भ्याव शे ना? त्यानी चतुःसीमा सांग."

जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. पूर्वेला अमक्याचं वावर, पश्चिमेला नाला, दक्षिणेला गाडरस्ता. चारी बाजूंना काय आहे ते लिहिलं की मधली जमीन कुठली याबद्दल वाद राहत नाही. मला हसू आलं. पण दुपारपर्यंत तो कागद मला सोडेना. मी लिहिलं: पूर्वेस आरसा. पश्चिमेस जेवणाचं ताट. दक्षिणेस शाळा, म्हणजे वर्गात उभा राहिलो आणि शब्द तोंडातून ओघळले तर. उत्तरेस मोठ्या भावाचं तोंड.

नानांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "मरण कोठे शे?" त्यांनी विचारलं.

मी लिहायचं विसरलोच होतो.

"दखा," ते म्हणाले, "चारी बाजू मोजाई गयात, मरण कोठेच निंघनं नही." कागदाची घडी करून त्यांनी ती माझ्याच खिशात घातली. "जेले हद्द शे ते मोजता येस. मोजता उनं का निम्मं भ्याव सरनं." निम्मं काही सरलं नाही. पण त्या दिवशी मी आरशावरचा टॉवेल काढला, हेही खरं.

शेजारच्या खोलीत यावलकडच्या एक अक्का होत्या, केळीच्या बागांत कापणीला जाणाऱ्या. त्यांचा स्तन काढला होता. त्यांच्या कागदावर चारी दिशांना एकच गोष्ट होती, ती त्यांनी नानांकडूनच लिहून घेतली: वास. जखमेचा वास येतो आणि लोक सांगत नाहीत, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. त्या आपलं ताट वेगळं ठेवत, जेवताना उंबऱ्याबाहेर बसत, आम्ही कोणी जवळून गेलो की पदर आवळून घेत. डॉक्टरांनी सांगून झालं होतं की जखम कोरडी आहे. नाना काही समजावत बसले नाहीत. त्यांनी आपलं ताट उचललं आणि रोज अक्कांच्या गोणपाटावर, अगदी शेजारी बसून जेवायला लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी भाकरी मोडत म्हणाले, "अक्का, माले ते केयना पानना वास येस. तुमी आंग कोठे ठेवी उनात?" केळीच्या पानांचा वास! अक्का आधी रडल्या आणि मग बऱ्याच वेळानं हसल्या. आठवड्याभरानं त्यांचं ताट आमच्या ताटांत आलं.

त्या घरातल्या दुपारी मला अजून स्वप्नात येतात. की त्या दुपारीच स्वप्नात घडत होत्या, हे आता नक्की सांगता येत नाही. बाराच्या आत सगळ्यांचे शेक आटोपलेले असत. शेकानंतर अंगात एक जडपणा येतो. झोप नव्हे, पण जागंही नव्हे. आम्ही ओसरीवर ओळीनं आडवे होत असू. श्रावणातलं ऊन अंगणात यायचं, जायचं. साखळीवरचे सदरे हलके हलायचे. लांबून मालगाडी यायची आणि इतका वेळ जात राहायची की ती थांबली कधी ते कळायचं नाही. मग नाना खांबाला टेकून बसत आणि आवाज खाली आणून म्हणत, "डोया मिटा. विहिरपाईन निंघा."

याला ते फेरी म्हणत. प्रत्येकानं आपापल्या वावराच्या बांधावरून मनानं चालायचं. नाना मधूनमधून सांगत, "पाय जपा, आठे गवत शे." "आते कोपरा उना. दगडले हात लावा." कोणाचं वावर कुठल्या गावचं, पण सगळ्यांना कोपरा तिथंच येई. मी डोळे मिटून चालत असे. पायाखाली ओली काळी माती, उजवीकडे कपाशी, डावीकडे शेजाऱ्याची ज्वारी. वाकड्या बांधाशी आलो की थोडं वळायचं. बोरीखाली माझे वडील बसलेले असत, पटका मांडीवर काढून ठेवलेला. ते काही बोलत नसत. मीही थांबत नसे, कारण नानांनी सांगितलं होतं की थांबलेलं पाऊल मोजायचं नाही. तोंडातली आग कुठे तरी मागे विहिरीजवळ राहून जायची. फेरी पुरी करून विहिरीपाशी परत येईपर्यंत मी झोपलेला असे. गोळ्यांनी जी झोप आली नाही ती तिथं आली.

पहिल्या दिवशी अक्का म्हणाल्या, "माह्याजवळ वावर कुठचं, नाना. मी लोकाच्या बागात कापनीले जाते."

"अंगण शे ना?"

"अंगन आहे."

"मग अंगणनी फेरी. चूलपाईन निंघा." आणि सगळ्यांत आधी घोरायला लागल्या त्या अक्काच. पुढे पुढे मला माझ्या बांधावरून चालताना पलीकडे त्यांचं अंगण दिसायला लागलं. चूल, पाण्याचा माठ, झाडून ठेवलेली जागा. मी ते त्यांना पाटीवर लिहून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "माठ डाव्या हाताले ना? मग बरोबर." मला त्याचं काही आश्चर्य वाटलं नाही. त्या ओसरीवर असल्या गोष्टींचं आश्चर्य वाटत नसे.

मात्र नाना स्वतः कधी डोळे मिटत नसत. हे मला उशिरा कळलं. एकदा मध्येच जाग आली तर ते खांबाला टेकून सताड उघड्या डोळ्यांनी साखळीकडे बघत होते, आणि तोंडानं आम्हाला कोपरा दाखवत होते. दर सहा महिन्यांनी त्यांना तपासणीला जायचं होतं. ते दवाखान्यात रोज जात, पण आमच्याबरोबर. आमच्या फायली धरत, रांगेत उभे राहत, नव्या पेशंटला कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगत. स्वतःची फाईल मात्र ट्रंकेत. दोन वर्षं ती बाहेर निघाली नव्हती. हे मला सिस्टरनं सांगितलं. तपासणीचा दिवस जवळ आला की ते सकाळपासून साखळी उतरवून रॉकेलनं घासत बसत, कडी न् कडी, आणि कोणाशी बोलत नसत. मी एकदा त्यांच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवली. त्यांनी तीन दिशा झरझर लिहिल्या, चौथी मोकळी ठेवली. कोणत्या तीन होत्या ते त्यांनी मला वाचू दिलं नाही. कागद उलटा करून एवढंच म्हणाले, "उत्तरनी मोजणी बाकी शे." मला त्यांची भीती तेव्हा पहिल्यांदा दिसली. दुसऱ्यांची हद्द सांगणारा हा माणूस स्वतःच्या बांधावर पाय ठेवायला भीत होता, आणि मला त्यांची फार दया आली आणि थोडा रागही आला.

माझी गाडी रुळावरून उतरली ती कानबाईमुळे. बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. कानबाई ही आमच्या खानदेशची देवी, श्रावणात घरोघरी रविवारी बसते आणि सोमवारी उठते. गाव सोडून गेलेले भाऊबंद त्या दिवशी घरी येतात. तिच्या नैवेद्याला रोट करतात, म्हणजे गव्हाच्या जाडजूड पोळ्या. त्याचा गहू घरातली माणसं मोजून काढायचा, माणशी सव्वा मूठ. आमच्या घरात हे काम मोठा भाऊ करतो. तो कणगीपाशी बसतो, एकेकाचं नाव घेतो आणि मूठ सुपात टाकतो, वर पाव मूठ. परगावी असलेल्यांचीही मूठ घेतात. रोट माणशी एक, ज्याचा त्यानं खायचा, उरवायचा नाही, भाऊबंदांबाहेर द्यायचा नाही. ही आमच्या घरची रीत. लहानपणापासून आपलं नाव घेतलं जाईपर्यंत आम्ही पोरं श्वास रोखून उभी राहायचो.

त्या बुधवारी संध्याकाळी वहिनीचा फोन आला. तब्येत, तूप, पाऊस असं बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, "गहू मोजाई गयात. चौदा मुठी व्हयन्यात." मग म्हणाली, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला.

आम्ही पंधरा.

गुरुवारी मी शेक घ्यायला गेलो नाही. शुक्रवारीही नाही. अंगावर चादर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. अक्कांनी पेज आणली, ती तशीच राहिली. मला वाटत होतं ते आता मी उघड सांगतो. मला वाटत होतं, बरं झालं, एकदाचं कळलं. ज्या घराच्या मोजणीत आपण नाही तिथं परत जाण्यासाठी तोंड भाजून घ्यायचं कशाला? अजून पंधरा शेक बाकी होते. ते मी घेणार नव्हतो. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की मध्ये सोडलं तर केलेलं सगळं वाया जाईल. जाऊ दे वाया.

गुरुवारी दुपारी नाना आले आणि गोणपाट टाकून माझ्या मागे बसले. काही विचारलं नाही. शेवटी मीच पाटी घेतली आणि लिहिलं, 'भावानं माझी मूठ धरली नाही. चौदाच मोजल्या.'

ते त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा एकदम कचेरीतला झाला. "मोजणीत माणूस सुटला असेल तर मोजणी रद्द होते," ते म्हणाले. ट्रंकेतून आखीव कागद काढला आणि सुवाच्य अक्षरात लिहू लागले. तो कागद माझ्याकडे आहे. त्यात लिहिलंय: 'नोटीस. तुम्हास कळविण्यात येते की, तुमच्या घरच्या मुठींची मोजणी सदोष आढळून आली आहे. तरी येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता धान्यासह जागेवर हजर राहावे. गैरहजर राहिल्यास तुमच्या पश्चात मोजणी करण्यात येईल व त्याबाबतची कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.' खाली सही आणि 'निवृत्त मोजणीदार'. माझाच फोन घेऊन, कागदाचा फोटो काढून त्यांनी तो भावाला पाठवला. मी हात लांब करून फोन मागितला, तो त्यांनी दिला नाही.

भाऊ शेतकरी माणूस. नोटीस या शब्दाला तो सापापेक्षा जास्त भितो. शनिवारी सकाळी साडेदहालाच तो अंगणात हजर होता, खांद्यावर गव्हाची पिशवी. मी ओसरीवर भिंतीला टेकून बसलो होतो. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

नानांनी सतरंजी टाकली, मध्ये सूप ठेवलं आणि उभ्यानंच सुरुवात केली. "घरातील एकूण माणसं?"

"पंधरा," भाऊ म्हणाला.

"मुठी किती घेतल्या?"

"चौदा."

"सुटलेला इसम जिवंत आहे का?"

भाऊ एकदम खाली बसला. "असं नका बोलू, नाना."

"मी विचारतोय. जिवंत आहे का?"

"जित्ता शे," भाऊ म्हणाला. "मना पाठना भाऊ शे, जित्ता शे."

"मग मूठ कुठे आहे?"

भाऊ पिशवीच्या तोंडाची गाठ सोडायला लागला. ती सुटेना. "त्याले गियता येत नही," तो म्हणाला. "पानीना घोट लिधा का त्याना डोयाले पानी येस. मी दर रविवारले दखस. रोट कसा गियी तो?" मग तो गाठ सोडायचं थांबवून नुसता पिशवीकडे बघत राहिला. "मना बापना रोट उरना व्हता. शेवटना साले. अर्धा रोट डबामा उरना, आनि भादवामा बाप गया. त्याना नावना रोट उरना ते मी कोठे जाऊ, नाना? मूठच धरी नही ते उरी काय?"

मला वडिलांचा तो अर्धा रोट आठवत होता. वहिनीनं डबा घासायला घेतला तेव्हा सापडलेला. पण भाऊ तो इतकी वर्षं असा उरी घेऊन फिरत असेल हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, कारण त्याला ते बघवत नव्हतं. मला यादीतून काढलं नव्हतं. मरणाच्या यादीत मी सापडू नये म्हणून लपवलं होतं. मला रडू आलं. रडताना गाल ओढला जाई आणि भयंकर दुखे, म्हणून मी हसायला लागलो, तर तेही दुखलं. अक्का दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

मी पाटी घेतली. मग लिहिलं, 'दुधात भिजवून खाईन. चार दिवस लागले तरी खाईन.' भावाला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. नानांनी मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि त्यांचा आवाज तेव्हा कचेरीतला राहिला नव्हता.

पिशवी उघडली. भावानं माझं नाव घेतलं, माझं पाळण्यातलं पूर्ण नाव, आणि मूठ भरून सुपात सोडली. मग वर पाव मूठ. ती इतकी गच्च भरलेली होती की दाणे सतरंजीवर सांडले. नानांनी ते एकेक वेचून सुपात टाकले. "पंधरा," ते म्हणाले. "मोजणी कायम."

मला वाटलं, झालं. पण भावानं पुन्हा पिशवीत हात घातला. मूठ भरून वर काढली आणि तशीच धरून नानांकडे बघत राहिला.

"तुमना पुतन्या तुमनी मूठ धरतस का?"

नाना सूप उचलायला वाकले होते, तसेच राहिले. "मी तुमच्या भाऊबंदांतला नाही," ते म्हणाले. "हद्दीबाहेरचा आहे. असं चालत नाही."

"मी ते इचारं नही," भाऊ म्हणाला. "नाव सांगा."

नानांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. मग सरळ उभे राहून त्यांनी आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम, तालुका, जिल्हा धुळे, असं सगळं सांगितलं, कचेरीत सांगावं तसं. तोवर त्यांचं पूर्ण नाव आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. भावानं ते हळू आवाजात पुन्हा म्हटलं, तालुक्यापर्यंत, आणि मूठ सोडली.

सोमवारी मी शेक घ्यायला गेलो. दोन दिवस बुडवले म्हणून मशीनवरच्या मुलानं मला फैलावर घेतलं, आणि मला ते फार बरं वाटलं. मंगळवारी भाऊ डब्यात दोन रोट घेऊन आला. माझा मी पाच दिवस खाल्ला. बोटभर तुकडा वाटीत दुधात भिजत घालायचा, त्याची पेज झाली की जीव मुठीत धरून एक चमचा. डोळ्यांतून पाणी यायचंच. शेवटच्या चमच्याला मी वाटी उलटी करून भावाला फोनवर फोटो पाठवला. नानांनी आपला रोट एका बैठकीत खाल्ला, चुरा बोटानं टिपून. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्याला निघालो तर त्यांच्या काखेत त्यांची स्वतःची फाईल होती. मी बघितलेलं त्यांना दिसलं. "आते मना नावना रोट शे," ते म्हणाले. "उत्तरले काय शे ते दखाले पाहिजे."

तपासणीत निघालं. परत आलेलं होतं, यकृतात. दोन वर्षं आधी आले असते तर, असं डॉक्टर म्हणायला लागले आणि नानांच्या तोंडाकडे बघून फाईलमध्ये लिहायला लागले. घरी आल्यावर नाना ओसरीवर आडवे झाले. त्या दुपारी पहिल्यांदाच फेरीला कोणी बोलावलं नाही, म्हणून मी सांगायला सुरुवात केली. माझी जीभ अडखळत होती, निम्मे शब्द कळण्यासारखे नव्हते. "डोया मिटा," मी म्हणालो. त्यांनी मिटले. शाळेतून निघाल्यावर मी मोठ्यानं बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांचं वावर मी पाहिलेलं नव्हतं, तेव्हा मी त्यांना आमच्याच वावराच्या बांधावरून फिरवून आणलं. वाकड्या बांधाशी आलो तेव्हा ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "तुना बाप आठेच बसेल शे का अजून?" मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, "सांग त्याले, माप बरोबर व्हतं."

माझे शेक संपले, मी गावी आलो, हळूहळू बोलू लागलो, पुढच्या वर्षी शाळेत रुजू झालो. शब्द थोडे ओघळतात. पोरांना आठ दिवसांत सवय झाली. अक्का यावलला बागेत जायला लागल्या. नाना औषधांवर आणखी दोन श्रावण होते. दोन्ही वर्षी भावानं त्यांची मूठ धरली आणि स्वतः जळगावला रोट नेऊन दिला. तिसऱ्या पौषात ते गेले. पुतण्यांनी येऊन सगळं नीट केलं. आम्ही दोघं भाऊ मागे उभे होतो.

त्यानंतरच्या श्रावणात भाऊ कणगीपाशी बसला. मी जवळच ओट्यावर होतो. गेलेल्या माणसाची मूठ धरत नाहीत. वडील गेले त्या वर्षी भावानं त्यांचं नाव आलं तिथं नुसता हात थांबवला होता, आणि पुढच्या नावाला गेला होता. तो एकेक नाव घेत होता आणि मी मनात मोजत होतो. माझं नाव झालं. पंधरावी मूठ पडली. त्याचा हात कणगीच्या काठावर थोडा वेळ राहिला. मग तो आत गेला, भरून वर आला आणि नाव न घेता सुपात रिता झाला. वर पाव मूठ.

"सोया व्हयन्यात," भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला. "मोजाले चुकनं वाटस."

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.

सोमवारी माझ्या ताटात वहिनीनं न विचारता दोन रोट वाढले. घरातली सगळी माणसं जेवून उठली तरी मी बसून होतो, आणि भाऊ समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. दोन्ही मी दुधाशिवाय खाल्ले.